नदीकाठच्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ : गोदाकाठावरून एक परीक्षण

‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची प्रमाणित पॉलिसी विमा नियामक प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून देशभर लागू केली. आगीचा विमा उतरवणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती विकावीच लागते आणि तिची मूळ शब्दरचना सगळीकडे सारखीच असते, म्हणून हे परीक्षण एखाद्या कंपनीचे नसून या पॉलिसीचेच आहे. कसोटीही मी एकच ठेवली आहे. गोदावरीच्या काठावर, पूररेषेच्या आत, पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेल्या कुटुंबाचा जीव, घर आणि चीजवस्तू यांना या पॉलिसीचा नेमका किती आधार मिळतो, एवढेच मला तपासायचे आहे. नाशिक शहरात, नदीपासून दूर, गंगापूर रोडवरील सदनिकेसाठी ही पॉलिसी घेणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतील आणि त्याला यातील बराचसा भाग लागू होणार नाही.

ज्या घरासाठी आम्ही ही पॉलिसी घेतली ते माझ्या मामांचे घर निफाड तालुक्यात, सायखेडा-चांदोरी परिसरात, नदीला लागून आहे. गंगापूर धरणातून सोडलेले पाणी रामकुंड आणि तपोवन ओलांडून खाली येते, वाटेत दारणेचे पाणी त्यात मिळते आणि पुढे नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापाशी ते थोपते. त्या बंधाऱ्याच्या फुगवट्यात अनेक वर्षांचा गाळ बसला आहे. हाच पाणथळ परिसर पक्ष्यांमुळे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला, याचा नाशिककर म्हणून मला अभिमान आहे. परंतु पावसाळ्यात वरच्या गावांतील पाणी लवकर ओसरत नाही, त्यालाही हाच फुगवटा कारण होतो. 2008 चा सप्टेंबर, 2016 चा ऑगस्ट आणि 2019 चा ऑगस्ट या तिन्ही पुरांच्या खुणा गोदाकाठच्या घरांवर अजून दाखवता येतात. नाशिक शहरात पुराचे माप गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून काढतात. मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचे कळले की खालच्या गावांतील माणसे धान्य आणि गाद्या माळ्यावर चढवू लागतात, कारण तेच पाणी काही तासांत त्यांच्या ओट्याला लागणार असते. अशा ठिकाणी घराचा विमा उतरवावा की नाही, हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

प्रथम या पॉलिसीतील जे निःसंशय चांगले आहे ते सांगतो. पूर आणि जलमय होणे हे दोन्ही धोके मूळ पॉलिसीतच आहेत. त्यांच्यासाठी वेगळा हप्ता भरून जोड, म्हणजे पूरक संरक्षण, घ्यावी लागत नाही. पावसाने आलेला पूर आणि धरणाच्या विसर्गाने आलेला पूर असा भेद शब्दरचनेत कोठेही नाही, आणि आमच्यासारख्यांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे, कारण गोदाकाठाला बुडवणाऱ्या पाण्यात या दोहोंची सरमिसळ असते आणि ते वेगळे काढणे कोणालाही शक्य नाही. इमारतीची विमा रक्कम चटई क्षेत्रफळाला त्या वेळच्या बांधकाम दराने गुणून काढतात, जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. त्यामुळे गावठाणातल्या जागेला भाव नसला तरी घराला योग्य रक्कम मिळू शकते. मामांना हा हिशेब समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, “जागा काय, नदी नेणार नाही म्हणून धरून चालू, पण घर पुन्हा उभं करायला पैसा कुठून आणायचा?” या पॉलिसीचा मूळ हेतू याहून नेमका कोणी सांगू शकेल असे मला वाटत नाही.

दुसरी जमेची बाजू जुन्या आगीच्या पॉलिसीशी तुलना केल्यावर लक्षात येते. पूर्वी घराची किंमत 10 लाख असताना विमा 5 लाखांचाच उतरवला असेल, तर नुकसानीची भरपाईही त्याच प्रमाणात कापली जात असे. ‘भारत गृह रक्षा’मध्ये ही कपात काढून टाकली आहे, विमा रकमेच्या मर्यादेपर्यंत झालेले नुकसान प्रमाणशीर छाटणी न करता मिळते. पुरात घर क्वचितच पूर्णपणे जाते. बहुतेक वेळा जोत्याचा भाग, दारे-चौकटी, विजेचे बोर्ड आणि खालच्या खोलीतील सामान एवढेच खराब होते, आणि अशा अर्धवट नुकसानीतच ही सवलत उपयोगी पडते. पॉलिसी 10 वर्षांपर्यंतच्या मुदतीची घेता येते आणि दीर्घ मुदतीची घेतल्यास विमा रक्कम दर वर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढते, हेही बांधकामाचे वाढते दर पाहता उपयोगाचे आहे.

घरातील सामानासाठी इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के इतके संरक्षण आपोआप मिळते आणि त्याची कमाल मर्यादा 10 लाख रुपये आहे. म्हणजे इमारत 10 लाखांची असेल तर 2 लाखांचे सामान कोणतीही यादी न देता विम्यात येते. खेड्यातील घराला एवढे पुरते का? मामांच्या घराला पुरते. परंतु ज्यांच्या घरी खालच्याच मजल्यावर दोन कुटुंबांचे संसार आहेत, त्यांनी सामानाची यादी देऊन ही रक्कम वाढवून घ्यावी, कारण एका रात्रीत दोन फ्रिज, दोन धुलाई यंत्रे, पिठाची घरगुती गिरणी आणि सगळ्यांचे कपडे पाण्याखाली गेल्यावर 2 लाखांचा आकडा लवकर संपतो.

दाव्याचा अनुभव आम्हाला पॉलिसी घेतल्यानंतर आलेल्या एका पावसाळ्यात मिळाला. पाणी मागच्या पडवीतून आत आले आणि स्वयंपाकघरात गुडघ्याच्या थोडे खाली थांबले. बाहेरून पाहणाऱ्याला हे नुकसान किरकोळ वाटले असते. प्रत्यक्षात फ्रिजचा खालचा भाग गाळाने भरला होता, प्लायवुडचे कपाट फुगून त्याचे पदर सुटले होते, आणि भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या विजेच्या बोर्डातून पाणी झिरपत होते. पाणी ओसरल्यावर सगळ्यांचा पहिला ओढा साहजिकच झाडलोट करण्याकडे होता, कारण नदीचा गाळ वाळला की सिमेंटसारखा चिकटतो. परंतु पाहणीसाठी आलेल्या सर्वेक्षकाने आल्या आल्या भिंतीवरील गाळाची रेष शोधली, तिच्यावर टेप लावून जमिनीपासूनची उंची मोजली, फ्रिजच्या कॉम्प्रेसरची उंची मोजली आणि दोन्ही आकडे एका ओळीत लिहून घेतले. फ्रिज पाण्याने बिघडला की जुनाच बिघडलेला होता, या वादाचा निकाल त्या दोन आकड्यांनी तेथेच लागला. मामींनी स्वयंपाकघराची एक भिंत पुसायची ठेवली होती म्हणूनच ती रेष शिल्लक होती. म्हणून गोदाकाठच्या प्रत्येकाला माझा आग्रह आहे की पाणी ओसरल्यावर झाडू हातात घेण्याआधी मोबाइलवर प्रत्येक खोलीचे चित्रीकरण करावे, रेषेजवळ मोजपट्टी धरून छायाचित्रे काढावीत आणि खराब झालेल्या वस्तू पाहणी होईपर्यंत टाकून देऊ नयेत. कंपनीला तत्काळ कळवायचे असते आणि दाव्याचा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून 30 दिवसांच्या आत द्यायचा असतो. तलाठ्यांचा पंचनामा सरकारी मदतीसाठी होतो, त्याची प्रत दाव्याला जोडल्यास बळ येते. मात्र पंचनामा झाला म्हणजे विमा कंपनीला कळवले असे होत नाही, आणि ही गल्लत गावात अनेक जण करतात.

भरपाई मिळाली, आणि ती रास्त होती. खटकले ते एवढेच की गाळ काढण्याचा खर्च त्यात फारसा बसला नाही. ढिगारा हटवण्यासाठी पॉलिसी दाव्याच्या रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंतच पैसे देते. आग लागलेल्या शहरी घरात हे प्रमाण कदाचित पुरेसे ठरत असेल. नदीकाठी मात्र 1 लाखाच्या दाव्यावर मिळणाऱ्या 2 हजार रुपयांत मजूर, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि घर धुण्यासाठी लागणारा पाण्याचा टँकर यांपैकी एखाद्याच गोष्टीचा खर्च निघतो. पूरग्रस्त घरात वस्तूंच्या मोडतोडीपेक्षा गाळाचाच त्रास जास्त असतो, आणि ही मर्यादा ठरवताना नदीकाठचे घर कोणाच्या डोळ्यांसमोर नसावे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

घर राहण्याजोगे उरले नाही तर पर्यायी जागेचे भाडे देण्याची तरतूद मूळ पॉलिसीतच आहे. पूर आला की आपल्याकडे लोक गावच्या शाळेत किंवा नातेवाइकांकडे जातात आणि भाड्याचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु भिंत पडली आणि महिनोन्‌महिने दुरुस्ती चालली तर ओझरला किंवा नाशिकला खोली घ्यावी लागते, तेव्हा ही तरतूद आठवणीत असावी. चोरीविषयीही एक कलम आहे आणि त्यातील मुदत पाठ करून ठेवण्याजोगी आहे. पुरासारख्या विमा संरक्षित घटनेमुळे झालेली चोरी घटनेपासून 7 दिवसांच्या आत झाली असेल तरच भरपाई मिळते. कुटुंब शाळेत आणि घर उघडे, ही स्थिती पुरात नेहमीचीच असते. वीज नसते, गल्लीत पाणवेली अडकलेल्या असतात, आणि घरी परतायला कधी कधी आठवड्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे पाणी उतरताच घरातील एकाने तरी जाऊन पाहणी करावी आणि काही गेले असल्यास पोलिसांकडे तत्काळ तक्रार नोंदवावी.

आता ज्या कलमामुळे हे परीक्षण लिहावेसे वाटले त्याकडे वळतो. जमीन खचणे आणि दरड कोसळणे हे धोके पॉलिसीत आहेत, परंतु त्याच कलमात खाली जे अपवाद दिले आहेत त्यांत समुद्रकिनाऱ्याची किंवा नदीकाठाची धूप हा स्पष्टपणे वगळलेला प्रकार आहे. नदीकाठच्या घराला नदीकाठाच्या धुपेपासून संरक्षण नाही, याचा अर्थ पुरता समजून घेतला पाहिजे. पुराचे पाणी घरात शिरून भिंत पडली तर ते पुराचे नुकसान. पाणी घरात आलेच नाही, पण प्रवाहाने काठ खालून पोखरला आणि दोन महिन्यांनी परसातील जमीन खचून मागच्या भिंतीला तडा गेला, तर कंपनी ते धुपेचे नुकसान मानू शकते. गोदाकाठी दोन्ही प्रकार एकाच पावसाळ्यात, एकाच घराला होतात. नदीच्या बाजूची संरक्षक भिंत पॉलिसीच्या व्याख्येनुसार घराचाच भाग आहे, हा त्यातल्या त्यात दिलासा आहे. आम्ही आता दर वर्षी मे महिन्यात त्या भिंतीची, जोत्याची आणि परसातील कडेची तारीख दिसेल अशी छायाचित्रे काढून ठेवतो, जेणेकरून पुराआधी तेथे तडा नव्हता हे दाखवता यावे. विमा प्रतिनिधीने हे कलम आम्हाला सांगितले नव्हते. पॉलिसीचे दोन पानी प्रमाणपत्र देऊन त्याने काम संपवले होते आणि सविस्तर शब्दरचना मागून घेईपर्यंत ती आमच्या हाती आली नाही. ती मागून घ्यावीच, आणि पॉलिसी घेण्यापूर्वी अपवादांचा भाग शांतपणे वाचावा.

काही वस्तू पॉलिसीत येतच नाहीत. रोख रक्कम, दस्तऐवज, वाहने आणि चोख सोने यांचा त्यात समावेश नाही. दागिन्यांसाठी वेगळी जोड घ्यावी लागते. दुचाकी आणि ट्रॅक्टर यांचा विमा वाहन विम्याखाली, गायी-म्हशींचा पशुधन विम्याखाली, उभ्या पिकाचा पीक विम्याखाली. घरगुती सामानाच्या व्याख्येत फर्निचर, विजेची उपकरणे, भांडी, कपडे अशा वस्तू आहेत. विक्रीसाठी साठवलेला कांदा त्यात नाही. निफाड तालुक्यातील शेतकऱ्याच्या घरी पावसाळ्यात सर्वांत मोलाची चीज बहुधा कांदाचाळीतच असते, तेव्हा तिच्याविषयी कंपनीला लेखी विचारावे आणि तोंडी होकारावर विसंबून राहू नये. कागदपत्रांच्या बाबतीत मात्र उपाय सोपा आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पुन्हा काढता येतो, आधार आणि पासबुक पुन्हा मिळते. जुनी खरेदीखते आणि वाटणीपत्रे तेवढी जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून माळ्यावर ठेवावीत किंवा शहरातील नातलगांकडे द्यावीत.

घराच्या प्रकाराबद्दलही एक महत्त्वाची गोष्ट आहे. विम्याच्या भाषेत लाकडी फळ्या, गवत, बांबू, ताडपत्री अशा साहित्याच्या भिंती किंवा छप्पर असलेले बांधकाम कच्चे मानले जाते. विटा-सिमेंटचे घर पक्के. मातीच्या विटांची भिंत आणि वर पत्रा, हा गोदाकाठचा सर्रास आढळणारा प्रकार त्या यादीत नावानिशी नाही, म्हणून अर्जात भिंत आणि छप्पर कशाचे आहे हे जसेच्या तसे लिहावे. नंतर वाद नको. परंतु माझा आक्षेप याहून खोल आहे. आमच्या अर्जात साहित्य विचारले होते, जोत्याची उंची विचारली नव्हती. इंडोनेशियातील दक्षिण कालिमंतान प्रांतात बारितो आणि मार्तापुरा या नद्यांच्या काठी राहणारे बांजार लोक पूर्वापार उलिन नावाच्या, पाण्यात सहसा न कुजणाऱ्या कठीण लाकडाच्या खांबांवर घर उभारत आले आहेत. भिंती फळ्यांच्या, जमीनही फळ्यांची, आणि खालून पाणी वाहून जायला मोकळी वाट. काही घरे, ज्यांना ते लांतिंग म्हणतात, ओंडक्यांच्या तराफ्यावर बांधलेली असून नदीबरोबर वरखाली होतात. जानेवारी 2021 मध्ये त्या प्रांतात मोठा पूर आला, म्हणजे तेथील माणसेही नदीच्या तडाख्यातून सुटलेली नाहीत. तरीही आपल्या विम्याच्या व्याख्येने ती फळ्यांची उंच घरे कच्ची ठरतील आणि आपल्याकडे नदीच्या पातळीला टेकलेले, सिमेंटचा गिलावा केलेले घर पक्के ठरेल. आगीच्या दृष्टीने ही वर्गवारी योग्य आहे. पाण्याच्या दृष्टीने घर कशाचे आहे यापेक्षा ते किती उंचावर आहे हे अधिक महत्त्वाचे असते, आणि ज्या कुटुंबाने पदरचे पैसे घालून जोते दोन हात वर घेतले त्याला हप्त्यात काही सवलत मिळायला हवी.

जिवाच्या बाबतीत या पॉलिसीकडून फार अपेक्षा ठेवू नये. अपघाती मृत्यूची ऐच्छिक जोड आहे आणि तिच्यात 5 लाख रुपये मिळतात, परंतु ती पॉलिसीधारक आणि त्याची पत्नी किंवा पती यांच्यापुरतीच आहे. शिवाय ज्या घटनेने घराचे नुकसान झाले त्याच घटनेत मृत्यू झालेला असला पाहिजे. एकत्र कुटुंबातील म्हातारी आई, कर्ता मुलगा, सून यांचा त्यात समावेश नाही. पुरात जनावरे सोडायला गोठ्याकडे जाणारा आणि पाण्याखाली गेलेल्या फरशी पुलावरून पलीकडे जाण्याचा धोका पत्करणारा बहुधा घरातील तरुण मुलगाच असतो. म्हणून घरातील 18 ते 70 वयाच्या प्रत्येकाने बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्यावी. तिचा वार्षिक हप्ता 20 रुपये आहे आणि अपघाती मृत्यूस 2 लाखांचे संरक्षण आहे. ही रक्कम मोठी नाही, पण ती कुटुंबातील प्रत्येकाला स्वतंत्रपणे मिळते. प्रत्यक्ष जीव वाचवण्याचे काम मात्र वेळेवर मिळालेली सूचनाच करते. इंडोनेशियातील अनेक गावांत केंतोंगान हे पोकळ लाकडाचे किंवा बांबूचे वाद्य ठरावीक ठोक्यांनी वाजवून गाव जागे करण्याची रीत आहे. आपल्याकडे मंदिरावरचा भोंगा, दवंडी आणि आता मोबाइलवरचे संदेश आहेत. विसर्ग किती क्युसेकने वाढवला हा आकडा अनेकांना कळतो, परंतु त्या आकड्याला आपल्या ओट्यापर्यंत पाणी येईल की नाही, हे गावातील जुन्या जाणत्यांनाच सांगता येते, आणि ते ज्ञान गावाने भिंतीवर खुणा रंगवून जपले पाहिजे.

दावा नाकारला गेला किंवा रेंगाळला तर काय करावे, तेही थोडक्यात सांगतो. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, आणि तेथे समाधान झाले नाही तर विमा लोकपाल. नाशिक जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे, तक्रारीला शुल्क नाही आणि वकील देण्याची गरज नाही.

माझे मत असे आहे की गोदाकाठच्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ घ्यावीच. पूर मूळ पॉलिसीत असणे, कमी रकमेच्या विम्याची छाटणी नसणे आणि सामानाला आपोआप संरक्षण मिळणे, या तीन गोष्टींसाठी हप्ता देण्यासारखा आहे. पाचपैकी गुण द्यायचे तर मी साडेतीन देईन. नदीकाठाच्या धुपेच्या अपवादासाठी एक आणि गाळाच्या तुटपुंज्या तरतुदीसाठी अर्धा गुण मी राखून ठेवला आहे. मामांनी या वर्षी नूतनीकरण मे महिन्यातच करून घेतले, अपघाती मृत्यूची जोड घेतली, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून त्यांची जोड टाळली, आणि हप्त्यासोबत कांदाचाळीविषयीचा प्रश्न कंपनीला लेखी पाठवला आहे. त्याचे उत्तर आल्यावर ते या परीक्षणाखाली जोडेन.